भात उकडायच्या हंड्यात गाडी

भागीआत्याने धूप दाखवल्याशिवाय आमच्या घोडबंदरच्या घरात कुठलीही नवी वस्तू नांदायला लागत नसे. बैल आला, धूप. शिवणाचं मशीन आलं, धूप. शेजारी नवी सून आली की तिच्या सासूने धूप नीट दाखवला की नाही याचा भरवसा नाही, म्हणून आत्या स्वतः धुपाटणं घेऊन तिकडेही जाऊन यायची. तिन्हीसांजेला चुलीतले निखारे धुपाटण्यात घ्यायचे, वर चिमूटभर धूप टाकायचा आणि खोकत खोकत घरभर फिरायचं, हा तिचा नेम. आई मी लहान असतानाच गेली. तेव्हापासून घर, चूल, मी आणि माझे वडील नाना, असे सगळे आत्याच्याच ताब्यात होतो. नानांची बाहेर मोठी ऐट असे. मिठाच्या आगरावर ते ओरडले की खाडीपलीकडे ऐकू जायचं. घरात शिरले की मात्र आत्या म्हणेल तिथे पाय पुसायचे.

त्या घरातलं जेवण मला अजून आठवतं आणि अजून भूक लागते. सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबत भाजलेला सुका बोंबील. दुपारी भात आणि चिंच घातलेलं कालवण. आत्याच्या भाताला गावात नाव होतं. नवं भात घरात आलं की अंगणातल्या मोठ्या चुलाणावर तांब्याचा हंडा चढायचा, इतका मोठा की मी लहानपणी त्यात बसून लपत असे. त्यात भात उकडायचं, मग सुकवायचं, मग कांडायचं. हंडा आत्याच्या सासरहून आलेला. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला परत पाठवलं, तेव्हा ती दुसरं काहीएक न मागता तेवढा हंडा डोक्यावर घेऊन चालत आली होती. त्या हंड्याला तिच्याशिवाय कुणी हात लावलेला तिला खपत नसे.

आता माझं सांगते. गावातली शाळा संपली होती आणि मला पुढे शिकायचं होतं. नुसतं वाटत होतं असं नाही, मी त्यासाठी जेवण सोडलं होतं, आणि आत्याच्या घरात जेवण सोडणं म्हणजे काय हे ज्याने तिचं बोलणं ऐकलंय त्यालाच कळेल. पुढची शाळा भाईंदर स्टेशनाजवळ. पायी जाऊन परत यायचं तर रस्ता रानातला, आणि बैलगाडीने जावं तर शाळा सुटायच्या वेळेला पोचणार. हेडमास्तर भला माणूस होता. तुळशीच्या लग्नापर्यंत या, तोवर जागा ठेवतो, म्हणाला. इकडे आत्याला तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न लावायचं होतं. काशीगावचं स्थळ तिने हेरूनच ठेवलं होतं. नानांनी दोघींच्या मधला मार्ग काढला. ते दुसरं महायुद्ध संपल्यावरचे दिवस होते, लष्कराच्या जुन्या गाड्यांचे लिलाव निघत होते आणि नानांच्या डोक्यात लॉरी शिरली होती. "तुळशीच्या लग्नाआधी आपली लॉरी मीठ घेऊन भाईंदरला जायला लागली," ते म्हणाले, "तर चंद्रा तिच्यात बसून शाळेत जाईल. न्हाय लागली, तर काशीगाव." आत्याने लॉरी म्हणजे काय ते विचारून घेतलं आणि निश्चिंत होऊन हो म्हणाली.

ती का निश्चिंत झाली ते लॉरी आली तेव्हा कळलं. आमची लॉरी गावात आली ती दोन बैलजोड्यांनी ओढत आणलेली. पुढे बैल, मागे लॉरी, आणि लॉरीत स्टिअरिंग धरून नाना, उगाचच. आख्खा गाव बघायला लोटला होता. गाडी बाहेरून धडधाकट दिसत होती, पण इंजिनाचं पोट झिजलेलं. मात्र तिच्यासोबत एक लाकडी खोका आला होता आणि त्यात नवेकोरे सुटे भाग होते. खोका उघडला, मेणकागद सोडले, तर आत लोखंड कुठे दिसेचना. प्रत्येक भागावर तपकिरी, चिकट, घट्ट काहीतरी थापलेलं. आत्याने बोट लावून वास घेतला.

"नाना, तुला फसवला रं. ह्यो तर नासलेला गूळ हाय."

"गूळ न्हाय आतेबाय, ग्रीस हाय," पास्कू म्हणाला. पास्कू उत्तनचा. बोटीवर इंजिनखोलीत नोकरी करून आलेला, आणि नानांनी त्याला लॉरी जुळवायला बोलावलेलं. त्याच्या भुवया इतक्या दाट होत्या की आमच्या गल्लीतली पोरं त्याला बघायला यायची, आणि त्याला त्या भुवयांचा फार अभिमान होता. "समिंदरावरून माल येतो ना, गंजू नये म्हणून चोपडतात. आता हे सगळं काढायचं. पेट्रोलमध्ये धुतलं की झालं. बोटीवर आमी आसंच करायचो."

पेट्रोल तेव्हा मोजून मिळायचं. नानांनी कुठून तरी डबा पैदा केला. पास्कूने ओटीवर पाय पसरले, घमेल्यात पेट्रोल ओतलं आणि एकेक व्हॉल्व्ह ब्रशने घासायला बसला. काम मात्र सुरेख होत होतं. तपकिरी थर विरघळून आतलं लोखंड चकचकीत बाहेर यायचं, आणि पास्कू दर व्हॉल्व्ह उंच धरून आम्हाला दाखवायचा. मी शेजारी बसून फडक्याने पुसत होते. पेट्रोलच्या वासाने डोकं जड झालं तेव्हा मी उठून अंगणात मोकळ्या हवेत गेले. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी अक्कलहुशारी, आणि ती सुद्धा डोकं दुखलं म्हणून.

कारण तेवढ्यात तिन्हीसांज झाली. आता तुम्हीच सांगा, घरात खोकाभर नव्या वस्तू आलेल्या, आणि भागीआत्या त्यांना धूप दाखवल्याशिवाय राहील? ती स्वयंपाकघरातून निघाली, देवापुढे गेली, गोठ्यात गेली आणि ओटीवर येऊन मोठ्या भक्तिभावाने तिने धुपाटणं घमेल्यावरून ओवाळलं.

भक्क असा आवाज झाला. घमेल्यातून माणसाएवढी ज्वाळा उठली. पास्कू बसल्या जागेवरून अंगणात कसा आला ते त्यालाही कधी सांगता आलं नाही. नाना कळशी घेऊन धावले, तर पास्कू किंचाळला, "पानी नको, पानी नको, आग पसरेल." आत्याच्या हातात अजून धुपाटणं होतंच. ते तिने अंगणात भिरकावलं, ओटीवर मिठाच्या गोणी रचलेल्या होत्या त्यातली एक उपडी केली आणि सुपाने मीठ घमेल्यावर लोटायला लागली. मी पण ओंजळींनी लोटलं. मिठाचा ढीग झाला आणि त्याखाली आग गुदमरून विझली. मग आम्ही पास्कूकडे पाहिलं. त्याला कुठे भाजलं नव्हतं, देवाची कृपा. पण भुवया गेल्या होत्या. मिशीची डावी बाजूही गेली होती.

आत्याने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "धूप लागला गाडीला. आता काय होत न्हाय तिला."

परवा माझा नातू इथे भाईंदरला, जेसल पार्कच्या घरात, गॅलरीत, मोटरसायकलचा कसलासा नवा भाग पेट्रोलने पुसत बसला होता. दोन पावलांवर देवघर आणि देवघरात माझी उदबत्ती. मी अशी ओरडले की खालचा वॉचमन वर आला. नातू म्हणतो, आजी, एवढंसंच तर पेट्रोल आहे. मी म्हटलं, बाळा, पेट्रोल दिसतं तेवढंच नसतं, त्याची वाफ जमिनीवरून सरपटत विस्तवापर्यंत जाते, आणि मी एका माणसाच्या भुवया जाताना बघितल्यात. तो हसला. पण उठून ते सगळं खाली मोकळ्यावर घेऊन गेला.

तर, त्या रात्रीनंतर आमच्या घरात पेट्रोल बंद झालं. पास्कू म्हणाला, मग रॉकेल. आत्या म्हणाली, चुलीच्या घरात रॉकेलचं घमेलं पण नको. नाना कपाळाला हात लावून बसले. मला रडू यायला लागलं, कारण तुळशीचं लग्न जवळ येत होतं आणि खोक्यातले भाग तसेच्या तसे गुळात लडबडलेले पडले होते. मी चुलीशी बसून मुसमुसत होते आणि आत्या ताटं घासत होती. सुरमईच्या तेलाने माखलेलं भांडं होतं, तिने त्यावर कढत पाणी ओतलं आणि तेल वर तरंगून आलं. मी मुसमुसायची थांबले.

"आते, हे ग्रीस पण वितळेल की गं. कढत पाण्यात."

"वितळंल की. मेणागत तर हाय."

"पण एवढं मोठं भांडं कुठून आणायचं?"

आत्याने माझ्याकडे बघितलं, मग अंगणाकडे बघितलं. तिथे चुलाणाशेजारी हंडा पालथा घातलेला होता. मी तिला हंडा मागितला नाही, माझी काय छाती होती. तीच बराच वेळ ताट घासत राहिली आणि मग म्हणाली, "पोरगी रडती हाय म्हून देती. एकदाच."

दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात गाडी उकडली. दुसरा शब्द नाही त्याला. पास्कूने उत्तनहून जुन्या जाळ्याचे तुकडे आणले होते. त्यांत भाग बांधून ते उकळत्या पाण्यात सोडायचे आणि बांबूने वर काढायचे. पाण्यात आत्याने कपडे धुवायचा सोडा टाकला. पिस्टन मात्र पास्कूने सोड्यात घालू दिले नाहीत, तो धातू मऊ, खराब होतो म्हणाला. ते नुसत्या गरम पाण्याने शेकून फडक्यांनी पुसले. हाताला गोणपाट गुंडाळलेलं, तरी चटके बसायचेच. हळूहळू तपकिरी साय वर यायला लागली आणि आत्या, जी भात उकडताना कुणाला फिरकू देत नसे, ती पळीने ती साय काढून मडक्यात भरायला लागली. फेकून द्यायचं तिच्या रक्तातच नव्हतं. ते मडकं पुढे कितीतरी दिवस बैलगाडीच्या आसाला पुरलं. बघायला आलेल्या बायका विचारायच्या, काय शिजतंय भागीबाय, आणि ती शांतपणे सांगायची, "लॉरी."

संध्याकाळपर्यंत सगळे भाग असे लखलखीत झाले की नानांनी एका बेअरिंगमध्ये बघून मिशा सारख्या केल्या. पास्कू ते बघून दुसरीकडे गेला. आता एवढे ओले भाग सुकवायचे कुठे? आमच्याकडे बोंबील सुकायचे, भात सुकायचं, गोधड्या सुकायच्या, ते सगळं आगराच्या बांधावर, मिठाच्या राशीशेजारी. तिथे वारा आणि ऊन असं की दुसरी जागा कुणाच्या मनातच येत नसे. पास्कू त्या वेळी आंघोळीला गेला होता. नाना म्हणाले बांधावर. मी म्हटलं बांधावर. आत्याला तर खात्रीच होती, मिठाने गाडीची आग विझवलेली, म्हणजे मीठ गाडीच्या बाजूचं. आम्ही चटया अंथरल्या आणि भाग ओळीने मांडून आलो. रात्रभर खाडीवरचा वारा त्यांच्यावरून फिरला.

सकाळी मी बांधावर गेले तर चटयांवर सगळं केशरी. एकही भाग सुटला नव्हता. माझ्या मागून आत्या आली आणि थबकली.

"अगो बाय, हळद लागली हिला," ती म्हणाली. "तुज्याआधी गाडीचंच लगीन."

मी चटईच्या कडेला बसले. मी रडले नाही, त्याच्या पलीकडे गेले होते. शाळा गेली, हेच डोक्यात. पास्कू आला, त्याने बघितलं, छातीवर क्रूस केला आणि बिनभुवयांच्या कपाळाने आमच्याकडे असा बघत राहिला की नानांना हसू आवरेना, आणि त्यांनी खाडीकडे तोंड फिरवलं. मी एक दात्याचं चाक उचलून नुसती मांडीवर घेऊन बसले होते. बोटाने गंज खरवडत होते. तेव्हा दिसलं की दात्यांच्या बेचक्यात जिथे ग्रीस निघायचं राहिलं होतं, तिथे लोखंड तसंच पांढरं होतं. सगळीकडे गंज आणि तेवढ्या बेचक्यात नाही.

"पास्कूदादा, हे बघा," मी म्हटलं. "आपण त्याचं पांघरूण काढलं आणि दुसरं घातलंच नाही."

पास्कू चाक हातात घेऊन बघत राहिला. "बोटीवर आमी धुतलं की लगेच बसवायचो," तो म्हणाला. "हे ध्यानातच न्हाय आलं."

गंज ताजा होता, वरवरचा. पुढचे काही दिवस आम्ही तो काढला. घरापासून लांब, चिंचेखाली, दिवसाउजेडी, थोडंसं रॉकेल आणि नारळाचा काथ्या. नानांच्या विड्या आत्याने कमरेला खोचून ठेवल्या होत्या आणि काम संपल्याशिवाय देत नव्हती. एक भाग घासून झाला की गरम पाण्यातून काढायचा, कोरडा पुसायचा आणि लगेच, श्वास घ्यायलाही न थांबता, इंजिन तेलाचा हात फिरवायचा. मग नानांच्या जुन्या धोतरात गुंडाळून घरात, भाताच्या कणगीत. तेलाचं काम माझं. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नव्हता. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले आणि नखं तर अशी की साबण, बेसन, लिंबू, काहीच चालेना. मला त्याचं काही वाटत नव्हतं. पास्कू एकेक भाग बसवत होता आणि लॉरीचं पोट भरत होतं.

मध्येच काशीगावची माणसं आली. आत्यानेच बोलावली होती. मुलगा नव्हता आला, त्याची आई आली होती, शेवंताबाई, आणि सोबत तिचा भाऊ. आत्याने नव्या भाताचा घाट घातला होता. हंडा तिने चिंच लावून, राख लावून, पुन्हा चिंच लावून घासला होता आणि त्यात भात उकडलं होतं. आम्ही चार दिवस तोच भात खात होतो आणि आम्हाला काही वाटलं नव्हतं. कसं वाटेल? आमचं घर, कपडे, उशा, सगळ्यालाच ग्रीसचा वास होता.

शेवंताबाईने पहिला घास घेतला आणि ती चावायची थांबली. भावाने तिच्याकडे बघितलं. त्याने पाण्याचा पेला उचलला, एका दमात संपवला आणि पुन्हा पुढे केला.

"भागीबाय," शेवंताबाई म्हणाली, "ह्यो भात कशात उकडलाय?"

"हंड्यात."

"वास येतोय. इंजिनागत."

नानांचं जेवण थांबलं. मी दारात तांब्या घेऊन उभी होते. आत्याच्या भाताला कुणी नाव ठेवलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी पाणी वाढायला वाकले आणि शेवंताबाईने माझा हात धरला.

"आन पोरीच्या नखात काय हाय हे?" मी मान खाली घातली.

"गाडी हाय," आत्या म्हणाली.

"काय हाय?"

"गाडी. आमच्या पोरीनं सबंध गाडीला तेल लावलंय, ती नखात ऱ्हायली हाय."

शेवंताबाई हसली. वाईट बाई नव्हती, समजुतीनेच म्हणाली, "पोरीचे हात घासून घ्या, मंग बघू. आन त्यो हंडा मोडीत द्या आदी. त्याचा काय उपेग न्हाय आता."

आत्या उठली. इतक्या सावकाश उठली की मला भीती वाटली. तिने शेवंताबाईच्या पानातला भात बघितला, मग स्वतःच्या पानातला मोठा घास घेतला, नीट चावून खाल्ला आणि गिळला. "हंडा मोडीत जायाचा न्हाय," ती म्हणाली, "आन पोर काशीगावला जायाची न्हाय. ताक वाढू का?" ताक कुणी घेतलं नाही.

ती माणसं गेल्यावर आत्या चुलाणाशी जाऊन हंड्यावर हात ठेवून बसली. मी जवळ गेले. माझ्यावर तिचं किती प्रेम आहे हे मला तोवर नीट कळलं नव्हतं, आणि तिलाही बोलून दाखवता येत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "मना ह्याच वयात दिली व्हती. परत येताना हंडाच व्हता डोक्यावर. तू कायतरी दुसरं घेऊन ये." मग डोळे पुसून नानांवर ओरडली, "नाना, गाडी कवा सुरू करतंस?"

गाडी तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सुरू झाली. पास्कूने पुढून इंजिनात दांडा घातला आणि फिरवला. गाडी खोकली आणि गप्प बसली. पुन्हा फिरवला. नाना आत बसून देवाची नावं घेत होते. कुठल्या तरी फिरवण्याला आतून धडधड झाली आणि मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला, कोपऱ्याकापऱ्यात राहिलेलं ग्रीस जळत होतं त्याचा. गाव खोकायला लागलं. पास्कू रडत होता आणि हसत होता. त्याच्या कपाळावर भुवयांची बारीक लव उगवायला लागली होती. तेवढ्यात त्याला घराच्या दारात आत्या दिसली, हातात धुपाटणं, आणि त्याने दोन्ही हातांनी कपाळ झाकलं.

पण आत्या पुढे आली नाही. चिंचेखाली थांबली. बाकीच्या बायका लॉरीकडे निघाल्या होत्या त्यांना तिने हाताने अडवलं. "विस्तव घेऊन जवळ जायाचं न्हाय," ती त्यांना दरडावत म्हणाली, जणू लहानपणापासून तिला हे ठाऊक होतं. "पेट्रोलची वस्तू हाय ती." आणि तिथूनच, लांबून, तिने लॉरीला धूप दाखवला. मग धुपाटणं किंचित वळवून मलाही दाखवला. पुढे रोज सकाळी मी लॉरीत चढले की ती तिथेच उभी असायची.

शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी सगळ्यांचे हात तपासले. माझी नखं बघून वर्गात खसखस पिकली. बाईंनी विचारलं, हे काय आहे. मी शेवंताबाईसमोर मान खाली घातली होती, इथे घातली नाही.

"गाडी आहे," मी म्हटलं. "मी तिच्यातूनच आले."

बाई खिडकीशी गेल्या. बाहेर नाना मिठाच्या गोणी उतरवत होते आणि लॉरी अजून थोडी धुरकटत होती. त्या परत येऊन खुर्चीवर बसल्या, हजेरीत माझं नाव घातलं आणि वाचलं. मी हजर म्हणाले, जरा जास्तच मोठ्याने.